‘प्रीमियम लुक’वाला फॉन्ट हवाय? आधी त्याची झेरॉक्स काढून बघा



मागच्या व्हिडिओत लेबलबद्दल बोलताना मी एक वाक्य टाकून गेले होते, की तो जाड-बारीक रेघांचा इंग्रजी फॉन्ट सगळ्यांनी सगळीकडे लावायचं आता थांबवा. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "मॅडम, का? तोच तर रॉयल दिसतो!" दहा मिनिटांच्या व्हिडिओत एवढं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. आधीच सांगून टाकते, मला तो फॉन्ट आवडतो. माझ्या साड्यांच्या दुकानात एका ठिकाणी मी तो वापरतेसुद्धा. पण आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना तो ज्या पद्धतीने विकला जातोय, त्यात पैसे आपले जातात आणि गिऱ्हाइकाला नाव वाचता येत नाही. माझा वाद तेवढाच आहे.

कुठला फॉन्ट म्हणतेय ते आधी नीट कळू दे. ‘व्होग’ मासिकाचं नाव डोळ्यांसमोर आणा. त्यातल्या ‘व्ही’ची एक तिरकी रेघ चांगली भरदार आणि दुसरी केसासारखी. ‘ओ’ गोलच आहे, पण डावी-उजवी बाजू जाड आणि वर-खाली नुसता धागा. अक्षरांच्या टोकांना आडव्या, सपाट, बारीक रेघा असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. आपण त्यांना अक्षराचे पाय म्हणू. जाड आणि बारीक रेघेतला हा फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. तो जितका जास्त, तितका फॉन्ट नाजूक आणि नटलेला वाटतो. बोदोनी आणि दिदो ही या घराण्यातली मोठी नावं. आपल्या मोबाईलवर, कॅनव्हात मात्र सगळ्यात सहज हाताला लागतो तो प्लेफेअर डिस्प्ले. क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरने तो केला. २०११ पासून गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि धंद्याच्या कामालाही चालतो. फुकट, देखणा, वर टेम्पलेटमध्ये आधीच बसवलेला. मग काय विचारता! केक, क्लासेस, साड्या, लोणची, ब्यूटी पार्लर, सगळ्यांची नावं त्याच एका अक्षरात.

ही अक्षरं आली कुठून, हे मला बीबीएला कुणी शिकवलं नव्हतं. पण धंदा करणाऱ्या माणसाने ती गोष्ट ऐकावी अशी आहे, म्हणून थोडी थांबून सांगते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जॉन बास्करव्हिल नावाचा माणूस होता, १७०६ सालचा जन्म. आधी सुंदर हस्ताक्षर शिकवायचा, थडग्याच्या दगडांवर अक्षरं कोरायचा. मग लाखेसारखं चकचकीत रोगण दिलेले ट्रे वगैरे करून विकायच्या धंद्यात पडला आणि तिथे पैसा कमावला. तो पैसा त्याने छपाईच्या वेडापायी घातला. त्याने तयार करवून घेतलेल्या अक्षरांत जाड-बारीक फरक तेव्हाच्या नेहमीच्या इंग्रजी टाइपपेक्षा जास्त होता. आता हुशारी बघा. त्या काळच्या खरबरीत कागदावर, पातळ शाईत ही अक्षरं नीट उमटणार नाहीत हे त्याला कळलं होतं. म्हणून त्याने शाई स्वतः बनवली, जास्त काळी. कागद गुळगुळीत वापरला. छापलेले ताव गरम तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून काढले, म्हणजे जवळजवळ इस्त्रीच केली. १७५७ मध्ये त्याने रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक काढलं, ते या सगळ्या तयारीनंतर. म्हणजे त्याचं अक्षर एकटं नव्हतं, त्याच्यामागे कागद, शाई आणि दाब असा पूर्ण संच होता.

त्याच्या अक्षरांवर टीकाही झाली. इतक्या बारीक रेघांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील असं लोक म्हणायचे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक होते. त्यांनी एका टीकाकाराची मस्त फिरकी घेतली आणि १७६० च्या पत्रात ती बास्करव्हिलला कळवली. त्यांनी दुसऱ्याच मुद्रकाचा, कॅसलनचा, अक्षरांचा नमुना घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा बास्करव्हिलचा म्हणून त्या गृहस्थांपुढे ठेवला. गृहस्थ ओळीओळीत दोष दाखवत सुटले! अक्षर रोजच्या सवयीचं होतं, तरी डोळे दुखले. हा किस्सा मी मुद्दाम सांगते, कारण तो माझ्या विरोधात जाणारा आहे. ‘वाचता येत नाही’ ही तक्रार कधी कधी निव्वळ ऐकीव असते. म्हणून मी पुढे जे म्हणणार आहे ते मोजून म्हणणार आहे.

आणि हो, छपाईत बास्करव्हिलला फार काही सुटलं नाही. १७७५ मध्ये तो गेला, नंतर त्याच्या बायकोने अक्षरांचं साहित्य फ्रान्सच्या ब्युमार्शेला विकून टाकलं. पैसा ट्रेनेच दिला होता.

पुढची पायरी पॅरिसच्या दिदो घराण्याने आणि इटलीतल्या पार्मा शहरी जाम्बातिस्ता बोदोनीने चढवली. १७६८ पासून बोदोनी पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. पैसा दरबाराचा, घाई नाही, कागद उंची, समास भलेमोठे. अशा ठिकाणी रेघ केसाइतकी बारीक करायला कोण अडवणार? तो गेल्यावर १८१८ मध्ये त्याच्या पत्नीने त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा ग्रंथ छापून पुरा केला. या फॉन्टला जो ‘राजेशाही’ वास आहे, तो असा खरोखरच राजवाड्यातून आलेला आहे. आपल्या बाजारपेठेतली पाऊच छपाई म्हणजे पार्माचा छापखाना नव्हे, एवढंच ध्यानात असू द्या.

आता कामाचं.

जुन्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर वेगळं कोरावं लागे. लहान आकाराच्या अक्षरात कारागीर बारीक रेघ जरा जाड ठेवायचा, अक्षर थोडं रुंद करायचा, म्हणजे छापल्यावर टिकेल. मोठ्या आकारात ती हवी तेवढी नाजूक. कॉम्प्युटर आला आणि ही पद्धत मोडली. एकच आराखडा, तो कोपऱ्याला धरून लहान करा की मोठा करा. लहान केला की जाड रेघही बारीक होते आणि बारीक रेघ तर गायबच होते.

हे ज्यांना माहीत आहे ते काय करतात बघा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘हार्पर्स बझार’ मासिकाचं रूप बदलायचं होतं. जोनाथन हेफ्लर यांनी त्यासाठी दिदोची नवी आवृत्ती तयार केली. ती एक नव्हती, सात आकारांसाठी सात वेगळ्या होत्या. ६ पॉइंटची वेगळी, ९६ पॉइंटची वेगळी. हेतू हा की मथळा कितीही मोठा किंवा लहान असो, बारीक रेघ तेवढीच बारीक आणि तेवढीच शाबूत दिसावी. जगातली मोठी फॅशन मासिकं एका सौंदर्यासाठी सात फॉन्ट बाळगतात. आणि आपण एक फुकटचा फॉन्ट घेऊन दुकानाच्या बोर्डापासून मागच्या ‘बेस्ट बिफोर’पर्यंत सगळं उरकतो. त्या फॉन्टच्या नावात ‘डिस्प्ले’ हा शब्द आहे, मंडळी. म्हणजे मथळ्यासाठी, मोठ्या आकारासाठी. डिझायनरने नावातच सूचना लिहून दिली आहे. पुढे त्यानेच नुसत्या ‘प्लेफेअर’ नावाने आकारानुसार रेघ बदलणारी आवृत्तीही काढली, पण आपले टेम्पलेट जुन्यावरच अडकलेत.

आता मोजू. तुमच्या काउंटरवरचा थर्मल प्रिंटर, बिलाचा किंवा बारकोड लेबलचा, बहुतेक २०३ डीपीआयचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. एक ठिपका सव्वा दशांश मिलिमीटरचा, ०.१२५. समजा लेबलवर तुमच्या नावाचं अक्षर ३ मिमी उंच आहे. त्यातली जाड रेघ अर्धा मिमी धरा आणि बारीक रेघ तिच्या आठव्या हिश्श्याची. किती झाली? साधारण ०.०६ मिमी. प्रिंटरकडे अर्धा ठिपका नसतो! तो एक तर रेघ दुप्पट जाड करेल किंवा सोडून देईल, आणि एकाच शब्दात एका अक्षराला हे आणि दुसऱ्याला ते करेल. प्रिंटर खराब नाही, त्याला अशक्य काम दिलंय.

बोर्डाचंही गणित असंच. साइन बोर्डवाल्यांचा ढोबळ ठोकताळा असा, की १० फूट अंतराला १ इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, ६० फुटांवरून वाचायचं तर ६ इंची अक्षर. जाड रेघ १ इंच धरली तर बारीक रेघ आठवा हिस्सा, म्हणजे ३ मिमी. चांगल्या नजरेलासुद्धा ६० फुटांवर साधारण ५ मिमीच्या खालचा तपशील नीट वेगळा ओळखता येत नाही. तीन मिमीची रेघ फिकट होते आणि मागच्या रंगात मिसळते. आतून लाइट असलेली अक्षरं करायची असली तर आणखी गंमत. त्या रेघेत एलईडी मॉड्यूल बसायलाच जागा नाही. मग फॅब्रिकेशनवाला काय करतो? रेघ त्याच्या मनाने जाड करतो. म्हणजे ज्या नाजूकपणासाठी तुम्ही पैसे मोजले तोच त्याने काढून टाकला, आणि बिल तेवढंच.

रेघ गेली की नुसतं ‘थोडं फिकट’ दिसतं असं समजू नका. अक्षरच बदलतं. आमच्या एका बॅचला चिपळूणकडच्या एक ताई होत्या. मेतकूट, भाजणी, कुळीथ पीठ, माल एक नंबर. ब्रँडिंग करून देणाऱ्या एका एजन्सीने त्यांना लेबल करून दिलं. गडद मरून रंगावर पांढऱ्या अक्षरात, याच घराण्यातल्या फॉन्टमध्ये इंग्रजीत ‘मेतकूट’. लॅपटॉपवर बघताना अगदी परदेशी चॉकलेटसारखं. तीन हजार लेबलं छापून आली. पांढरी अक्षरं म्हणजे कागद कोरा सोडायचा आणि भोवती शाई. शाई थोडी पसरतेच, आणि पसरली की आधी बारीक रेघ बुजते. या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘ई’चे तिन्ही आडवे हात बारीक असतात. ‘टी’ची वरची आडवी रेघ बारीक. ‘यू’चा उजवा दांडा बारीक, ‘एम’चा पहिला दांडा बारीक. सगळ्या बुजल्या किंवा तुटक झाल्या की काय उरतं? एकापुढे एक उभे दांडे. ताई स्वतः म्हणाल्या, "कुंपण दिसतंय ओ मॅडम." प्रदर्शनात लोक स्टॉलपाशी येऊन विचारायचे, हे काय आहे? ज्या मालाला मराठी घरात ओळख करून द्यावी लागत नाही, त्याची ओळख करून देत त्या दोन दिवस उभ्या होत्या.

एजन्सीचं उत्तर काय, तर "लक्झरी ब्रँड्स असंच करतात." मला या वाक्याचाच राग येतो. लक्झरी ब्रँड काय करतात ते खरंच बघा ना. ‘बर्बेरी’ने २०१८ मध्ये आपलं नाव पाय नसलेल्या, सरळ, जाड अक्षरांत आणलं, आणि २०२३ मध्ये पुन्हा पाय असलेल्या अक्षरांकडे वळले. ‘झारा’ने २०१९ मध्ये अक्षरं एकमेकांना चिकटवून नवा लोगो केला, त्यावर जगभर थट्टाही झाली आणि मॉलमधली गर्दी आहे तेवढीच आहे. त्यांना परवडतं, कारण त्यांचं नाव लोकांना आधीच पाठ आहे. ‘व्होग’चं अर्धं नाव मॉडेलच्या डोक्यामागे लपलेलं असलं तरी ते ‘व्होग’च वाचलं जातं. तुमचं नाव अजून कुणाला पाठ नाही. गिऱ्हाईक ते पहिल्यांदा वाचतंय, तेही चालत्या गाडीवरून, ट्यूबलाइटच्या उजेडात, चष्मा घरी विसरून.

अक्षराने भाव वाढतच नाही असं मी म्हणणार नाही. वाढतो. सुबक लेबलच्या बरणीकडे हात आधी जातो, मी रोज बघते. पण तो सुबकपणा मोकळ्या जागेतून, चांगल्या कागदातून, सरळ कापलेल्या कडेतून येतो. बास्करव्हिलने केलं ते हेच. कागद तोच खरबरीत, कटिंग वाकडं, आणि अक्षर तेवढं पार्माच्या दरबारचं, याने काही साधत नाही.

मराठी नावाचं काय?

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लेफेअर डिस्प्लेमध्ये देवनागरी नाही. इंग्रजी आहे, रशियन लिपी आहे, व्हिएतनामी खुणा आहेत, आपली अक्षरं नाहीत. त्यात दोष काही नाही, एका माणसाने किती करावं. पण तुम्ही तो फॉन्ट निवडून मराठी टाईप केलंत की सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच कुठला तरी देवनागरी फॉन्ट आणून बसवतं. परिणाम रोज दिसतो. वर इंग्रजी नाव नटूनथटून, खाली मराठी नाव ऑफिसच्या परिपत्रकातून कापून चिकटवल्यासारखं. लग्नात नवरा शेरवानीत आणि नवरी घरच्या गाऊनवर, असं ते ध्यान दिसतं.

पाटीच्या बाबतीत तर हा कायद्याचाही विषय आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं आधी, आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, ती धावपळ मुंबईकरांना आठवत असेल. त्या धावपळीत काय झालं? जुन्या इंग्रजी लोगोच्या वर मराठी नाव कसंबसं कोंबलं, मावेना तर आडवं ओढून लांब केलं. अक्षर आडवं ओढलं की उभे दांडे जाड होतात आणि आडव्या रेघा तेवढ्याच राहतात. म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढतो, पण वेडावाकडा. शिरोरेषा बारीक आणि काना लठ्ठ. जुने पेंटर हाताने बोर्ड रंगवायचे, तेव्हा असं कधी दिसलं नाही. जागा कमी असली तर ते अख्खं अक्षर नव्याने बसवायचे आणि कोपऱ्यात अभिमानाने सही करायचे.

म्हणून माझं म्हणणं असं, की काम उलट्या टोकाने सुरू करा. आधी मराठी नाव ठरवा, त्याला शोभेल असं इंग्रजी नंतर शोधा. आपल्या लिपीत जाड-बारीक नाही असं थोडंच आहे? बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीत जाड-बारीक रेघ पहिल्यापासून आहे, पोथ्या बघा. फक्त तिची तऱ्हा वेगळी. बोदोनी-दिदोच्या रेघेत टाकाचं टोक दाबून जाड केल्याची आणि तांब्यावर कोरल्याची ऐट आहे. आपल्या रेघेत बोरू ज्या कोनात धरला त्याचं वळण आहे. एकाची नक्कल दुसऱ्यावर चढवली की अक्षर अवघडतं. जाणकाराने दोन्ही एकत्र बसवून केलेले फॉन्ट आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ घ्या. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही एकाच घरातल्या बहिणी वाटतात, चांगलाच जाड-बारीक, आणि गुगल फॉन्ट्सवर फुकट. पण तोही मोठ्या आकारासाठीच. चार शब्दांचं नाव लिहा, मागचा मजकूर नको. पुस्तकी, शांत रूप हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ आहे. त्याचं वैशिष्ट्य नावातच आहे, तो मराठी वळणासाठी वेगळा केलेला आहे.

मराठी वळण म्हणजे काय ते साड्यांच्या दुकानदाराला लगेच कळेल. ‘शालू’ लिहून बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श देतात. वाचता येतं, पण आपल्या डोळ्यांना परकं लागतं. दुसरी परीक्षा आमच्या गावाच्या नावाची. ‘कऱ्हाड’ टाईप करा. तो अर्धा र नीट आडवा उमटला तर फॉन्ट मराठी जाणतो. मोडून ठिपका दिसला किंवा रफार होऊन वर गेला तर त्या फॉन्टला रामराम. डिझायनर कितीही ओळखीतला असो, ही दोन नावं त्याच्यासमोर टाईप करून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

आकड्यांचं एक राहिलं. प्लेफेअर डिस्प्लेमधले इंग्रजी आकडे मुळात जुन्या पुस्तकी पद्धतीचे आहेत. म्हणजे एक, दोन आणि शून्य बुटके, सहा-आठ वर जाणारे, तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीच्या खाली लोंबणारे. परिच्छेदात हे फार गोड दिसतं. किमतीच्या पाटीवर मात्र आकडे उड्या मारताना दिसतात, आणि बुटका शून्य तर इंग्रजी ‘ओ’च वाटतो. सरळ उंचीचे आकडे फॉन्टच्या आत दिलेले आहेत, पण ते चालू करायची सोय सगळ्या ॲपमध्ये नसते. दरपत्रक, मेनू कार्डातले भाव, फोन नंबर यांना साधा, पाय नसलेला फॉन्ट लावा. मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्ता’ मला पुरतो. मराठी-इंग्रजी दोन्ही आहे आणि जाडीचे पर्याय भरपूर.

पॅकबंद माल विकणाऱ्यांनी तर मागच्या बाजूला हे नाजूक अक्षर लावूच नये. वजन-मापांचे पॅकेजिंगचे नियम नुसते काय लिहायचं एवढंच सांगत नाहीत, कसं लिहायचं तेही सांगतात. अक्षरं-आकड्यांची किमान उंची ठरलेली, रुंदी उंचीच्या एक तृतीयांशाहून कमी नको, रंग पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसला पाहिजे. एमआरपी, वजन, तारीख हे गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचं ठिकाण आहे. तिथे नजाकत दाखवली की त्याला वाटतं काहीतरी लपवलंय.

मग वापरायचा कुठे? लग्नपत्रिकेवर, नावांसाठी, चांगल्या जाड कार्डावर ऑफसेटने काळ्या किंवा गडद शाईत छापला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. दिवाळी गिफ्ट बॉक्सच्या झाकणावर एकच शब्द मोठा. सोनेरी फॉइल करायचं तर आधी नमुना मागा, फॉइलची बारीक रेघ तुटते. इन्स्टाग्रामच्या पोस्टवर मोठा मथळा म्हणून छान, पण तेच चित्र व्हॉट्सॲपच्या छोट्याशा गोल डीपीत गेलं की मेलं. मी कुठे वापरते? पैठणीच्या खोक्यात साडीबरोबर जे निगा राखायचं कार्ड देते, त्याच्या मथळ्यावर. हातात धरून, घरी बसून, निवांत वाचायची वस्तू. खालच्या सूचना साध्या मराठीत, साध्या अक्षरात. पिशवीवर मात्र वापरत नाही. पिशवी बसस्टँडवर वाचली जाते. ब्लाउजच्या टॅगवर भरतकामाने नाव काढायचं असेल तरीही नाही, सुईला साधारण मिलिमीटरच्या खालची भरीव रेघ झेपत नाही.

छापायला द्यायच्या आधी माझी एक पद्धत आहे, खर्च दोन रुपये. डिझाईन ज्या आकारात छापणार त्याच आकारात साध्या कागदावर प्रिंट काढा. स्क्रीनवर झूम करून बघणं हे बघणं नव्हे. मग त्या प्रिंटची कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. जी रेघ दुसऱ्या झेरॉक्समध्ये राहिली ती पाऊचवर बहुतेक राहील. मग तो कागद फडताळावर, माल जिथे ठेवणार तिथे लावा, चार पावलं मागे या, आणि दुकानात आलेल्या पन्नाशीपुढच्या कुठल्याही मावशींना विचारा, "काय लिहिलंय?" सुंदर आहे का, असं विचारू नका. त्या हो म्हणतील, चांगुलपणाने. काय लिहिलंय, एवढंच विचारा.

चिपळूणच्या ताईंनी पुढच्या खेपेला ‘मेतकूट’ देवनागरीत मोठं घेतलं, फिकट कागदावर गडद अक्षरात, आणि इंग्रजी नाव खाली, साध्या अक्षरात. एजन्सी बदलली. उरलेली मरून लेबलं त्या आता खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवतात, वाया कशाला घालवायची म्हणून.

फाईल प्रेसला देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ द्या, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की तिसराच काहीतरी छापून येतो. ते कसं करायचं, आणि बोर्डवाल्याकडून कोटेशन घेताना कोणते चार प्रश्न विचारायचे, ते बुधवारच्या व्हिडिओत दाखवते. तोवर तुमच्या सध्याच्या लेबलची दुसरी झेरॉक्स काढून ठेवा, व्हिडिओ बघताना हाताशी लागेल.